मोठ्यानं विचार करणारे सर

मुलाखतीहून परत आलेल्या माणसाला तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता? खरं सांगा. "झालं का काम?" हाच ना? घरचे तेच विचारतात, शेजारचे तेच विचारतात, बसस्टँडवरचा ओळखीचा पानवालाही तेच विचारतो. उत्तर "नाही" असलं की पुढचा प्रश्न कुणाजवळच नसतो. मग कुणीतरी उन्हाचा विषय काढतं.

आमच्या सरांनी हा प्रश्न कधी विचारला नाही. "पहिले काय इचारलं त्याईनं?" हा त्यांचा प्रश्न, आणि तो तुम्ही लॅपटॉप मिटायच्या आत यायचा.

यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मोटारपंप दुरुस्तीची एक पत्र्याची शेड होती. पुढच्या भागात सरांचे मेहुणे पंप उघडून बसायचे आणि मागच्या भागात आम्ही दहा-बारा जण लॅपटॉप उघडून बसायचो. सर आधी एका इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत. प्रवेश घटले, कॉम्प्युटरची शाखा बंद झाली, तासिकाही गेल्या. सर गेले नाहीत. ते मेहुण्याच्या शेडमध्ये आले आणि आम्हीही त्यांच्या मागं आलो. फळा नव्हता. पंपांचे रिकामे खोके फाडून ते सपाट करायचे आणि आतल्या बाजूनं मार्करनं लिहायचे. एक खोका भरला की दुसरा. भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या पुठ्ठ्यांमुळे शेड बाहेरून गोदामासारखी दिसे.

आम्ही सगळे पुण्याच्या एका फायनान्स कंपनीच्या मागं होतो. मोबाइलवरून कर्ज देणारी कंपनी. तिला सॉफ्टवेअर इंजिनिअर लागायचे. बाकीच्या कंपन्या आमच्या कॉलेजांच्या फाटकाशी येत नसत. या कंपनीची पहिली परीक्षा मात्र ऑनलाइन होती आणि कॉलेजचं नाव न विचारता सगळ्यांना खुली होती. ती पास झाली की दोन मुलाखती. अट एकच, पदवी मिळून दोन वर्षं झालेली नसावीत.

सर मोठ्यानं विचार करायचे. म्हणजे डोक्यात जे चालायचं ते तोंडातून बाहेर पडायचं, कुठंही. चहा घेताना: "आता मी बशीत ओतून राह्यलो, कारण कप गरम हाय अन् घाई हाय. घाई नसती तर ओतला नसता." रस्ता ओलांडताना: "ट्रक दूर हाय, पण रिकामा हाय, म्हंजे जोरात येईन. थांबतो." एकदा आम्ही त्यांच्यासोबत एका मयतीच्या घरी भेटायला गेलो होतो. चहा आला तसे सर उठले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मी आता उठून राह्यलो, कारण चहा आला, अन् मयतीच्या घरचा चहा माह्या घशाखाली उतरत नाई." त्या घरच्या म्हाताऱ्या बाईनं पदर सावरला आणि म्हणाली, "बसा बाप्पा, पाणी घ्या. बाकीच्याईले बी उतरत नाई. थे फक्त बोलत नाईत."

हे वेड कुठून आलं ते त्यांनी आम्हाला दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं होतं. "एक येडा होता. मोठ्या कंपनीत मुलाखतीले गेला. प्रश्न आला. आपल्याकडं शाळेत काय शिकवते? पाठ झाल्याशिवाय तोंड उघडाचं नाई. चुकलं तर छडी. तर हा गडी अर्धा तास चूप. मनातल्या मनात सोडवलं, मंग लिहून देल्लं. एक चूक नाई. तरी घेतलं नाई. त्यानं इचारलं, काहून? थे म्हणे, तुम्ही इचार करत होते का झोपले होते, थे आमाले समजलं नाई." एवढं सांगून सर थांबायचे. तो येडा कोण, हे विचारायची गरज पडत नसे.

ही चूक आमच्या भागातल्या प्रत्येकाची आहे. मुलाखत घेणाऱ्याला उत्तर नको असतं, उत्तराकडे जाणारी वाट ऐकायची असते. आम्ही वाट पोटात ठेवतो आणि उत्तर ताटात वाढतो. सर म्हणायचे, "उत्तर त्याईच्या घरी बी हाय. तुह्या डोक्यात काय चाललं, थे त्याईच्या घरी नाई." म्हणून शेडमध्ये चूप बसायला बंदी होती. आम्ही बडबडत कोड लिहायचो. समोर मेहुणे हातोडा आपटायचे आणि ओरडायचे, "अबे, हे शाळा हाय का येड्याईचा दवाखाना?"

एकदा सर आम्हाला घाटंजीच्या आठवडी बाजारात घेऊन गेले. प्रत्येकानं भाजी घ्यायची आणि घेताना कारणं बोलायची. मारेगावचा अंकुश वांग्यांच्या ढिगापुढं बसला. "हे उचललं, कारण देठ हिरवा हाय. हे ठेवलं, कारण इथं बारीक भोक हाय, म्हंजे आत अळी असू शकते."

भाजीवाली भडकली. "काऊन बे, माह्या मालाची बदनामी करून राह्यला? घ्याचं असन तर घे, नाई तर चाल पुढं."

"मावशी, परीक्षा हाय माही."

"वांग्याची परीक्षा? कोन्या शाळेत हाय रे बाप्पा?"

मागून सर म्हणाले, "भोक बरोबर पाह्यलं. पण मंग त्याच ढिगात दुसरं कायले शोधून राह्यला, थे नाई सांगतलं."

"अन् हे कोन?"

"आमचे सर."

"मंग बराबर हाय," मावशी म्हणाली आणि तिनं वजनात एक वांगं जास्त टाकलं.

मुलाखतीच्या दिवशी सर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टाय घालून यायचे. मुलाखत आमची असायची, ती शेडमधूनच व्हायची, आणि कॅमेऱ्यात सर कुठंच नसायचे. तरी टाय. शेजारी वेल्डिंगचं दुकान होतं. वेल्डरला आवाज बंद ठेवायला सांगून उपयोग नसे, म्हणून सर त्याच्या स्टुलावर जाऊन बसायचे. "पाऊण तास हे दुकान माह्यं. मी बसून राह्यलो, कारण मी बसलो असताना तू वेल्डिंग करणार नाईस." वेल्डर बिडी पेटवून बाहेर उभा राहायचा.

आणि एक वही होती. दोनशे पानी, साधी. मुलाखत झाली की लगेच, पाणी प्यायच्या आधी, जे विचारलं ते त्या वहीत उतरवायचं. मयतीहून आलेला माणूस आंघोळीआधी घरात कुणाला शिवत नाही, तसं आमच्यात मुलाखत देऊन उठलेला लिहिल्याशिवाय कुणाशी बोलत नसे. कोणता प्रश्न, तुम्ही काय म्हणालात, समोरचा कुठं हसला, कुठं घड्याळ पाहिलं, सगळं. पुढच्यानं ते सगळं वाचून मगच मुलाखतीला बसायचं. नोकरी लागली की नाही, हे लिहायला वहीत जागा नव्हती.

याच्या जोडीला सरांचा दुसरा नियम होता, आणि तो अंकुशला कधीच पटला नाही. वाचलेला प्रश्न मुलाखतीत आला तर तोंडावर सांगायचं, हा मला माहीत आहे.

"मंग वही लिहाची कायले सर?" अंकुश म्हणाला. "प्रश्न वाचाचे, अन् आला की म्हणाचं, माहीत हाय, दुसरा द्या. हे म्हंजे लग्नात जेवाले जाचं अन् पान वाढलं की म्हणाचं, पोट भरलं हाय."

सर पुठ्ठ्यावरून वळले. "पुण्याच्या पोट्ट्याचा काका कंपनीत असते. आत कसं बसतात, काय बोलतात, त्याले घरी बसून समजते. तुहा काका कुठी हाय?"

"मारेगावले. पानठेला हाय."

"मंग ही वही तुहा काका. काका आत कसं बसाचं थे सांगन. पेपर फोडून देणार नाई."

सगळे हसले. अंकुशही हसला. दोन्ही नियम एकाच शेडमध्ये राहू शकतात, असं आम्हाला त्या दिवशी वाटलं.

रोशनी घाटंजी तालुक्यातल्या एका तांड्यावरची. आई अंगणवाडीत मदतनीस. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी. "मी सगळं तीनदा शिकली, तवा एकदा समजलं," असं ती म्हणायची. पहिले दोन महिने तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता. सरांनी तिला इंग्रजीचा हट्ट सोडायला लावला. "पहिले गोरबोलीत बोल. मले समजलं नाई तरी चालन, तुले समजलं पाह्यजे." मग ती पुठ्ठ्यापुढं उभी राहून गोरबोलीत भरभर बोलत प्रश्न सोडवायची आणि सर एक शब्द न कळता मान डोलवायचे. तिसऱ्या महिन्यात ती आमच्या सगळ्यांच्या पुढं गेली. इंग्रजी आपोआप मागून आलं.

शेवटच्या मुलाखतीला आमच्यातून दोघं पोचलो, ती आणि मी. माझी पदवी त्याच वर्षाची होती. तिची दोन वर्षं आठवड्याभरात संपणार होती. यानंतर तिला त्या परीक्षेला बसता येणार नव्हतं.

दोघांची मुलाखत एकाच दिवशी. माझी साडेदहाला, तिची एकला. प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटं.

मला विचारलं ते असं: हजारो व्यवहार एकामागून एक येत आहेत. एकाच खात्यातून एकच रक्कम एका मिनिटाच्या आत दोनदा गेली असेल, तर ते व्यवहार शोधा. मी बडबडत सोडवलं. नीट झालं. लॅपटॉप मिटला, वही ओढली आणि नियमाप्रमाणे सगळं लिहिलं. प्रश्न, माझी वाट, मी कुठं अडकलो, त्यांनी कुठं हात दिला.

सरांनी पान वाचलं आणि वही रोशनीपुढं ठेवली. "वाच. ताजं हाय."

"सर, आताच झालं याचं. वाचू का?" तिनं विचारलं. हे मला स्पष्ट आठवतं. तिनं विचारलं होतं.

"मी वाचाले सांगून राह्यलो, कारण सकाळचा प्रश्न थे दुपारी देणार नाईत. एवढे येडे नसतीन."

तिनं वाचलं.

एक वाजता सर वेल्डरच्या स्टुलावर जाऊन बसले. मी बाहेर पत्र्याच्या भिंतीला लागून उभा होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं. पहिली पंधरा मिनिटं तिच्या प्रोजेक्टवर गेली. छान बोलली. मग प्रश्न आला. हजारो व्यवहार, एकच खातं, एक मिनिट.

रोशनी इंग्रजीत म्हणाली, "सर, हा प्रश्न मला माहीत आहे. आज सकाळीच वाचला."

"कुठे वाचला?"

"आमच्याकडे मुलाखत झाली की सगळे लिहून ठेवतात."

पडद्यापलीकडच्या माणसानं आवाज बंद केला. तो दुसरा प्रश्न शोधत असणार. सहा-सात मिनिटं गेली. मग प्रश्न आला, आणि तो पहिल्याच्या दुप्पट जड होता: वेगवेगळ्या देशांच्या चलनांचे दर दिलेत, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं फिरून परत आलं तर पैसा वाढेल अशी वाट आहे का, ते शोधा. तिच्या हाती तेवीस मिनिटं उरली होती. मी पंचेचाळिसातली तीस मिनिटं सोप्या प्रश्नावर घालवली होती.

ती गप्प बसली नाही. एकदा दोन शब्द गोरबोलीतही निसटले. वाट तिला सापडली, ती तिनं बोलून दाखवली. लिहून पूर्ण व्हायची राहिली. बरोबर पावणेदोनला पलीकडचा माणूस म्हणाला, आभारी आहोत, टीम कळवेल.

तिनं बाहेर येऊन वही मागितली. पाणी न पिता सगळं लिहिलं. मग अंकुश तिच्यावर तुटून पडला. "येडी हाय का तू? आलेला प्रश्न हातचा सोडते का कोणी?"

"आलेला नोता," ती म्हणाली. "देलेला होता."

चार दिवसांनी मला निवडल्याचा मेल आला. तिला नाकारल्याचा. कारण एका ओळीत होतं: अंतिम फेरीत प्रश्न पूर्ण झाला नाही. तिनं काय सांगितलं, किती वेळ मिळाला, यातलं काही नव्हतं.

त्या संध्याकाळी सरांनी मला शेडच्या मागं बोलावलं. सरांना चूप बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "माह्ये दोन नियम होते. एक बी मोडला असता तर थे पोरगी आज आत असती. तिनं दोन्ही पाळले. म्हंजे चूक माही हाय." मग म्हणाले, "मी कंपनीले लिहून राह्यलो. प्रश्न तिनं शोधला नाई, मी वाचाले लावला. तिले पुन्हा पंचेचाळीस मिनिटं द्या. पण सकाळचा प्रश्न वहीत कोणं लिहिला, हे त्यात येईन. तुह्यं नाव येईन. तू हो म्हणशीन तरच धाडतो."

तिच्या पदवीला दोन वर्षं व्हायला तीन दिवस बाकी होते. मला ते माहीत होतं. त्याच वर्षी मी कॉलेजच्या फीवाढीविरुद्ध पत्रक लिहिलं होतं, त्यात 'एकाचा हक्क बुडाला तर सगळ्यांचा बुडाला' असं ठळक अक्षरांत छापलं होतं. ते पत्रक शेडमध्ये खिळ्याला लटकत होतं.

मी म्हणालो, "सर, नेमणुकीचं पत्र हातात येऊ द्या. मग पाठवू."

सरांनी कारण विचारलं नाही. आयुष्यभर सगळ्यांना कारणं विचारणाऱ्या माणसानं तेवढं विचारलं नाही. "बरं," म्हणाले आणि मेहुण्याला पंप उचलू लागायला गेले.

नेमणुकीचं पत्र अकराव्या दिवशी आलं. बाराव्या दिवशी सरांनी मेल पाठवला. उत्तर आलं, नम्र होतं: उमेदवार आता पात्रतेच्या मुदतीबाहेर आहे. माझ्या नावाबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. मला ज्याची भीती होती ते कधी घडणारच नव्हतं.

त्यानंतर सरांनी एक बदल केला. लिहिलेलं पान त्या दिवशी कुणी वाचायचं नाही, दुसऱ्या दिवशी वाचायचं. दुसरा नियम मात्र तसाच ठेवला. अंकुशनं पुन्हा वाद घातला. सर म्हणाले, "मी हा नियम ठेवून राह्यलो, कारण हा बरोबर हाय. बरोबर असल्यामुळे नुकसान झालं, तर नियम इकडचा नाई, तिकडचा बदलाचा." पण तिकडचा कसा बदलायचा, हे त्यांना माहीत नव्हतं. तिकडं त्यांचं कोणी नव्हतं.

रोशनी घाटंजीला एका सेतू केंद्रात उत्पन्नाचे आणि रहिवासाचे दाखले टाईप करते आणि शनिवारी शेडमध्ये शिकवायला जाते. अकरा दिवसांचं मी तिला फोनवर सांगितलं, पुण्याला येऊन वर्ष झाल्यावर. ती म्हणाली, "अस्सं हाय का. मले वाटलं, अकरा दिवस सर मेल टाईप कराले शिकून राह्यले." आणि हसली. मला हसता आलं नाही. तिनंच विषय बदलला, माझ्या आईच्या गुडघ्यांचं विचारलं.

आता मी त्याच कंपनीत मुलाखती घेतो. आमच्या फॉर्मवर प्रश्न पूर्ण झाला का, अशी एक चौकट आहे. उमेदवार खरं बोलला का, अशी चौकट नाही. मी वरिष्ठांना दोनदा लिहिलं. पद्धत ठरलेली आहे, असं उत्तर दोनदा आलं. तिसऱ्यांदा लिहिलं आहे. पण पद्धत बदलेपर्यंत थांबायचं नसतं, हे मला आता कळतं. अकरा दिवसांत किती जातं ते मी पाहिलं आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही बँकेत असा, कारखान्यात असा, शाळेत असा. तुमच्या समोर खुर्चीवर किंवा पडद्यावर कुणी बसत असेल आणि ते म्हणालं, "हा प्रश्न मला आधीच माहीत आहे," तर दुसरा प्रश्न द्या, पण तो पहिल्याइतकाच द्या. आणि घड्याळ पुन्हा सुरुवातीपासून लावा. त्याला पूर्ण पंचेचाळीस मिनिटं द्या. याला कुणाची परवानगी लागत नाही. उद्या तुमच्यासमोर जो पहिला उमेदवार येईल, त्याच्यापासून सुरू करा.